ड्रोहेडा ते सातारा : अंतर किती आणि वेळ किती?

सुट्टीत साताऱ्याला गेलो की शेजारपाजारचे, नात्यातले, कधी कधी रिक्षावालाही एक प्रश्न हमखास विचारतो. ‘तुमचं ते आयर्लंड किती लांब आहे हो? विमानाला किती तास लागतात?’ मी बरीच वर्षे ठरलेले उत्तर देत असे : ‘साडेसात हजार किलोमीटर, दहा तास.’ ऐकणारा समाधानाने मान हलवी आणि विषय आयर्लंडच्या पावसाकडे वळे. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. आणि या अपुरेपणाची किंमत एकदा माझ्या घरच्यांना मोजावी लागली. तो प्रसंग पुढे सांगतोच. त्याआधी हे अंतर म्हणजे नेमके कुठले आणि ही वेळ म्हणजे नेमकी कोणाची, हे जरा सावकाश मोजून पाहू. हिशेब ड्रोहेड्याचा आणि साताऱ्याचा असला तरी गॉलवे-नागपूर, कॉर्क-कोल्हापूर असा ज्याचा त्याला आपापला मांडता येईल.

दोऱ्याने मोजलेले अंतर

बॉइन नदीच्या मुखाजवळचे आपले ड्रोहेडा डब्लिनच्या उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. विमानतळही डब्लिनच्या उत्तर अंगालाच असल्याने आपल्याला शहर ओलांडावे लागत नाही. एम-वन महामार्गाने सुमारे चाळीस किलोमीटर गेले की विमानतळ आला. एवढ्या बाबतीत आपण दक्षिण डब्लिनच्या मंडळींपेक्षा सुखी. तेव्हा मोजणीला सुरुवात डब्लिन विमानतळापासून करू. हा विमानतळ ५३.४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ६.३ अंश पश्चिम रेखांशावर आहे. मुंबईचा सहारचा विमानतळ १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व.

आता भिंतीवरचा जगाचा नकाशा घ्या आणि पट्टी ठेवून ही दोन ठिकाणे जोडा. शाळेतल्या नेहमीच्या नकाशावर ही रेघ आग्नेयेकडे उतरत दक्षिण जर्मनी, बाल्कन देश, तुर्कस्तान, इराक आणि दक्षिण इराण अशी येते. या रेघेवरून प्रत्यक्ष गेलो तर अंतर सुमारे ७,८६० किलोमीटर भरते. मग मुलांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या आणि डब्लिन ते मुंबई एक दोरा ताणून धरा. दोरा पट्टीच्या रेघेवर राहत नाही, तो उत्तरेकडे सरकतो. या ताणलेल्या दोऱ्याची लांबी सुमारे ७,६०० किलोमीटर. म्हणजे सरळ दिसणारी रेघ वाकड्या दिसणाऱ्या दोऱ्यापेक्षा अडीचशेहून अधिक किलोमीटरने लांब!

दोऱ्याचा मार्ग बघण्यासारखा आहे. मुंबई डब्लिनच्या तब्बल ३४ अंश दक्षिणेला आहे, तरी दोरा डब्लिनहून निघतो तो जवळजवळ थेट पूर्वेला, तोही किंचित उत्तरेकडे झुकून. मँचेस्टरच्या आसपास तो सर्वांत उत्तरेला पोचतो आणि मग हळूहळू खाली वळतो. नेदरलँड्स, बर्लिन, वॉर्साच्या दक्षिणेचा पोलंड, युक्रेन, अझोव्हचा समुद्र, कॉकेशस पर्वत, कॅस्पियन समुद्र, पूर्व इराण, कराचीच्या थोडी उत्तरेची बाजू, सौराष्ट्र आणि मग मुंबई.

असे का व्हावे? रेखावृत्ते विषुववृत्तावर एकमेकांपासून दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. मुंबईच्या अक्षांशावर एक अंश पूर्वेला सरकायचे तर १०५ किलोमीटर जावे लागते. डब्लिनच्या अक्षांशावर तेच काम ६६ किलोमीटरमध्ये होते. आपल्याला एकूण ७९ अंश पूर्वेला जायचे आहे. तेव्हा त्यांतले जमतील तितके अंश उत्तरेत, स्वस्त भावात, उरकून घ्यावेत हे बरे. भाजी ज्या बाजारात स्वस्त तिथेच पिशवी भरून घ्यावी, तसेच हे.

भूगोलात या मार्गाला बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून आरपार सुरी फिरवली तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते बृहद्वृत्त, आणि कुठल्याही दोन ठिकाणांमधला सर्वांत जवळचा मार्ग त्याच्यावरूनच जातो. हे केवळ पुस्तकातले ज्ञान नव्हे. विमानाला फार उशीर झाल्यास किंवा ते रद्द झाल्यास प्रवाशाला किती भरपाई द्यायची याचा युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. भरपाई अंतरावर ठरते, आणि ते अंतर बृहद्वृत्तानेच मोजायचे असे त्या नियमात स्पष्ट लिहिले आहे. विमान वळसा घालून गेले की सरळ, त्याच्याशी नियमाला कर्तव्य नाही.

आकाशातही रस्ते बंद असतात

दोरा कुठल्याही देशावरून जाऊ शकतो, विमान जाऊ शकत नाही. वर सांगितलेली नावे पुन्हा वाचली तर अडचण लक्षात येईल. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि त्या दिवसापासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस युरोपीय संघाने रशियाच्या आणि रशियाने युरोपच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. म्हणजे आपल्या दोऱ्याचा मधला मोठा तुकडाच कापला गेला.

दुसरा तुकडा घराच्या जवळचा. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते पूर्णपणे उघडायला १६ जुलै उजाडला. पुढे पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या आकाशात मज्जाव केला आणि काही दिवसांत भारतानेही पाकिस्तानी विमानांना तो केला. त्याच वर्षी जूनमध्ये इस्राएल आणि इराण यांच्या युद्धात इराण आणि इराक यांचे आकाश काही दिवस बंद राहिले, आणि २३ जूनच्या संध्याकाळी कतारचेही काही तास बंद झाले. त्या संध्याकाळी दोह्याला विमान बदलणारे लोक निरनिराळ्या विमानतळांवर अडकून पडले. तिथल्या राजकारणाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

आता एक गंमत पाहा. उत्तरेचा दोरा असा तुटल्यावर युरोपातून आखातात आणि भारतात येणारी कितीतरी विमाने बाल्कन, तुर्कस्तान, इराक अशी जाऊ लागली. म्हणजे जवळजवळ आपल्या भिंतीवरच्या पट्टीचीच रेघ! शाळेत जी रेघ चुकीची म्हणून मास्तरांनी खोडली असती, ती युद्धाने बरोबर ठरवली.

दुबईला, अबू धाबीला उतरून जाणे म्हणजे मोठा वळसा, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. हिशेब केल्यावर तो गेला. डब्लिन ते दुबई सुमारे ५,९२० किलोमीटर आणि दुबई ते मुंबई सुमारे १,९३०, बेरीज ७,८५०. थेट दोऱ्यापेक्षा जेमतेम अडीचशे किलोमीटर जास्त. लंडनमार्गे गेलो तर ४५० आणि ७,२००, म्हणजे ७,६५०; वळसा नावालाच. अबू धाबीचे विमान डब्लिनला २००७ पासून येऊ लागले, दुबईचे २०१२ पासून आणि दोह्याचे २०१७ पासून. या तिन्ही गावांची भरभराट व्हायला भूगोलाचीही मदत झाली. युरोप आणि हिंदुस्थान यांना जोडणाऱ्या दोऱ्याच्या ती अगदी कडेला बसली आहेत. तेव्हा थांब्याच्या प्रवासाला जास्त वेळ लागतो तो अंतरामुळे नव्हे, थांब्यामुळे.

वेग आणि वारा

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी हा प्रवास बोटीने होई. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू होण्यापूर्वी मुंबई ते लंडन हा आफ्रिकेला वळसा घालणारा मार्ग सुमारे १९,८०० किलोमीटरचा होता. कालव्याने तो सुमारे ११,६०० किलोमीटरवर आणला. वेग न वाढवता केवळ रस्ता बदलून वेळ वाचते, याचे याहून मोठे उदाहरण नाही. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोचले. आठवड्यांचे गणित दिवसांवर आले. १९६० मध्ये जेट विमाने आली आणि ते तासांवर आले. मात्र त्यानंतर प्रवासी विमानाचा वेग जवळपास तिथेच थांबला आहे. आजचे मोठे विमान १० ते १२ किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जाते. साठ वर्षांपूर्वीचे बोइंगही साधारण तितक्याच वेगाने जात होते. म्हणून आपल्या मुलांनाही, निदान विमानाच्या वेगामुळे तरी, आपल्यापेक्षा फार लवकर पोचता येणार नाही.

७,६०० ला ९०० ने भागले की साडेआठ तासांच्या आत-बाहेर उत्तर येते. चढणे, उतरणे, धावपट्टीपर्यंत सरकत जाणे यांचा अर्धा तास धरला की नऊ. येताना मात्र वेळ जास्त लागते, हे सगळ्यांनी अनुभवले असेल. त्याचे कारण वारा. या उंचीवर आपल्या पट्ट्यात वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, आणि हिवाळ्यात त्यांना विशेष जोर येतो. त्यांतल्या वेगवान झोताला जेट स्ट्रीम म्हणतात. समजा सबंध वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा आहे. जाताना तो पाठीवर, म्हणून जमिनीच्या हिशेबाने वेग ९५० आणि वेळ आठ तास. येताना तो तोंडावर, म्हणून वेग ८५० आणि वेळ जवळजवळ नऊ तास. माहेरी जाताना पाय भराभर उचलतात आणि परतताना जड होतात म्हणतात, ते विमानालाही लागू आहे.

दोन घड्याळे

आता तिकिटावरच्या वेळा. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावची असते आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, बारा महिने तेवढाच. आयर्लंड हिवाळ्यात ग्रिनिचबरोबर असतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास पुढे. म्हणून आपल्यातले अंतर उन्हाळ्यात साडेचार तास आणि हिवाळ्यात साडेपाच. आणखी एक घोटाळा म्हणजे, भारतीय प्रमाणवेळेचे लघुरूप आय.एस.टी. आणि आयर्लंडच्या उन्हाळी वेळेचे, आयरिश स्टँडर्ड टाइमचे, लघुरूपही आय.एस.टी.! आयर्लंडच्या कायद्यात उन्हाळ्याची वेळ हीच ‘प्रमाण’ आणि हिवाळ्याची एक तास मागे घेतलेली. आमंत्रणपत्रिकेवर किंवा बैठकीच्या निरोपात नुसते ‘सायंकाळी ७ आय.एस.टी.’ लिहिले की कुणाच्या सायंकाळी, हे विचारून घ्यावे.

खरा सूर्य मात्र ना साडेचार मानतो ना साडेपाच. एका अंशाला चार मिनिटे या दराने ७९ अंशांची ५ तास १६ मिनिटे होतात. जुनी घड्याळे हेच सांगत. १ ऑक्टोबर १९१६ पर्यंत डब्लिनची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या २५ मिनिटे २१ सेकंद मागे. आणि भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली तरी मुंबई शहरात १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ चालू राहिला, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे. दोन्हींची बेरीज करा : ५ तास १६ मिनिटे आणि वर काही सेकंद. दोन्ही शहरांना आपापल्या डोक्यावरचा सूर्य सोडवत नव्हता म्हणायचा.

तिकिटावरून खरी वेळ काढण्याची रीत सोपी आहे. भारतात जाताना दोन्ही वेळांतला फरक घ्या आणि त्यातून साडेचार किंवा साडेपाच वजा करा. परतताना तेवढेच मिळवा. समजा हिवाळ्यात डब्लिनहून रविवारी रात्री ८ ला निघून मुंबईला सोमवारी दुपारी ३.३० ला पोचता. घड्याळात साडेएकोणीस तास, त्यातून साडेपाच गेले, राहिले चौदा. परतताना मुंबईहून पहाटे ४.३० ला निघून त्याच दिवशी दुपारी १.३० ला डब्लिन. घड्याळात नऊच तास, पण साडेपाच मिळवल्यावर साडेचौदा.

एवढे सगळे मला पाठ होते. तरीही चुकलो.

‘विमान सातला उतरतं’

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. शुक्रवारी पहाटे २ वाजून १० मिनिटांनी ड्रोहेड्याच्या घरी फोन वाजला. साताऱ्यात सकाळचे ७.४० झाले होते. धाकटा भाऊ एवढेच म्हणाला, ‘दादा, नानांना आत नेलंय. डॉक्टर काही बोलत नाहीत. तू ये.’

पासपोर्ट, कार्ड, कपडे या शोधाशोधीत आणि तिकिटात साडेआठ वाजले. आयर्लंडमध्ये परत येण्यासाठी त्या काळी आपल्याला पासपोर्टवर रि-एन्ट्री व्हिसा लागत असे (मे २०१९ मध्ये ही अट निघाली). तो चालू आहे की संपला, जुन्या पासपोर्टवर आहे की नव्या, यातच तासभर गेला. बँकेच्या कार्डाने एवढी रक्कम एकदम जाईना. सगळ्यांनी जायचे की मी एकट्याने, यावर बायकोशी बोलण्यात आणखी वेळ गेला. सव्वानऊला विमानतळावर पोचलो. दहाच्या सुमाराला, सामान देण्याच्या रांगेत उभा असताना, दुसरा फोन आला. नाना गेले होते.

भावाने विचारले, ‘तू येईपर्यंत थांबायचं ना?’ मी म्हटले, ‘थांबा.’ त्याने विचारले, ‘कधी येतोस?’ मी हातातल्या तिकिटावर पाहिले आणि सांगितले, ‘विमान उद्या सकाळी सातला उतरतं.’ वाक्य खरे होते. साडेबाराला विमान निघाले, सव्वासात तासांनी आखातात पोचले, पावणेतीन तास तिथे बसलो, मग तीन तासांचे दुसरे विमान, आणि मुंबईला बरोबर सातला टेकले. एक मिनिटाचाही उशीर झाला नाही.

साताऱ्यात मात्र माझ्या वाक्याचा निरोप होत गेला. ‘सातला येतोय’, मग ‘सातला मुंबई, म्हणजे दहा-साडेदहाला घरी’. कोरेगाव, वाई, कऱ्हाडहून नातेवाईक सकाळी दहाच्या आत येऊन बसले. मी सव्वाआठला विमानतळाबाहेर पडलो. पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा. मग शनिवारची गर्दी, द्रुतगती महामार्गाचा घाट, पुण्याला वळसा, खंबाटकीचा घाट. घरी पोचलो तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. घरात मृत्यू झाला की चूल पेटत नाही, हे आपल्याला माहीत आहे. नानांची थोरली बहीण, आमच्या आत्या, ऐंशी ओलांडलेल्या आणि मधुमेहाच्या. भाऊ नजरेआड होईपर्यंत त्या पाणीसुद्धा घेईनात. बाराच्या सुमाराला त्यांना भोवळ आली आणि त्यांना शेजारच्या घरी नेऊन निजवावे लागले. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा मला कोणी काही बोलले नाही. माहुलीला सगळे उरकून परतल्यावर चुलते जवळ येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘तू विमानाची वेळ सांगितलीस. तुझी वेळ सांगायला हवी होतीस.’

तेराव्यानंतर परतीच्या विमानात मी कागदावर हिशेब मांडला. फोन वाजल्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत ३० तास ३५ मिनिटे. त्यात विमान हवेत होते १० तास १५ मिनिटे. उरलेले २० तास २० मिनिटे मी जमिनीवर होतो, ते असे : ड्रोहेड्याच्या घरात ६ तास २० मिनिटे, घर ते विमानतळ पाऊण तास, डब्लिन विमानतळावर सव्वातीन तास, आखातातल्या थांब्यावर पावणेतीन, मुंबई विमानतळावर सव्वा तास आणि साताऱ्याच्या रस्त्यावर सहा तास.

हा कागद मी अजून जपून ठेवला आहे. मुंबई-सातारा हे अंतर डब्लिन-मुंबईच्या तीसाव्या भागाहूनही कमी, आणि तरी त्याला लागलेली वेळ आकाशातल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त. ज्या थेट विमानाची आपण सगळे वाट पाहतो ते त्या दिवशी असते तर थांब्याचे पावणेतीन तास आणि हवेतला तासभर वाचला असता. माझ्या स्वतःच्या घरात मात्र सहा तास गेले होते, आणि त्यांचा जगातल्या कुठल्याही आकाशाशी संबंध नव्हता.

आपापला हिशेब

म्हणून सर्व वाचकांना सुचवतो की असा एक कागद आधीच, शांत डोक्याने, तयार करून ठेवावा. त्यात सहा ओळी : घरातून निघायला लागणारी वेळ, विमानतळापर्यंतचा रस्ता, विमानतळावरची वेळ, हवेतली वेळ, थांबा, आणि उतरल्यापासून घरच्या उंबऱ्यापर्यंत. शेवटची ओळ सर्वांत प्रामाणिकपणे लिहावी. नागपूरकरांना आणि कोल्हापूरकरांना त्यात देशातले दुसरे विमान किंवा रात्रीची गाडी धरावी लागेल. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. पुणे-सातारा-कोल्हापूरकडे जाणाऱ्यांना तो सहारपेक्षा सोयीच्या बाजूला आहे. तिथे आपल्याला जुळणारे विमान मिळते का, हे तिकीट काढताना जरूर पाहावे. तिकिटात दोन पैसे जास्त गेले तरी रस्त्यावरचा वेळ वाचू शकतो.

पहिली ओळ लहान करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट, आयरिश निवास परवाना आणि असल्यास ओ.सी.आय. कार्ड एकाच पाकिटात ठेवा आणि दर सहा महिन्यांनी त्यांवरच्या तारखा पाहा. मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांच्यापेक्षा लवकर संपते. एका कार्डाने मोठी रक्कम देता येते का, हे बँकेला आधी विचारून ठेवा. भारतीय पासपोर्टवर लंडनमार्गे किंवा युरोपातल्या दुसऱ्या शहरामार्गे जायचे असेल तर तिथे ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे त्या आठवड्याचा नियम पाहूनच ठरवा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. घाईत दोन वेगळी स्वस्त तिकिटे जोडण्याचा मोह होतो. पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले तर वेगळ्या तिकिटांच्या बाबतीत सहसा कोणी जबाबदारी घेत नाही, आणि सामानही मधे सोडवून पुन्हा द्यावे लागते. एकच तिकीट असेल तर पुढे पोचवण्याचे काम विमान कंपनीचे. कोणी जायचे आणि मुलांना कोणाकडे ठेवायचे, याचे बोलणे रात्री दोनला करण्याऐवजी एखाद्या रविवारी चहा पिताना करून ठेवावे. अभद्र बोलणे वाटते खरे, पण आपण विमा उतरवतोच ना?

आणि घरून ‘कधी येतोस’ असे विचारले की विमानाची वेळ सांगू नका. कागदावरची सहावी ओळ धरून, घाटातली गर्दी धरून, भारतीय घड्याळाप्रमाणे आपण उंबऱ्यात कधी पोचू ते सांगा. वर एक तास जास्तच सांगा. लवकर पोचलात तर कोणाचे काही बिघडत नाही.

आत्या त्यानंतरही तीन वर्षे होत्या. त्यांच्या वेळी भावाचा फोन आला तेव्हा मी पाऊण तासात घराबाहेर पडलो होतो. विमानतळावरून त्याला सांगितले, ‘उद्या दुपारी तीनला घरात असेन. सगळ्यांना तीनच सांग, आणि तोवर म्हाताऱ्या माणसांना चहा तरी पाजा.’ पोचलो तेव्हा पावणेतीन झाले होते. लोक नुकतेच येऊ लागले होते.

आता रिक्षावाला विचारतो तेव्हा मी सांगतो, ‘अंतर साडेसात हजार किलोमीटर. विमानाला दहा तास. मला मात्र पूर्ण एक दिवस लागतो.’